विहीणबाईंना, मंगळवार-शुक्रवारच्या शाळेबद्दल

दुर्गाघाट, काशी
होळीच्या अलीकडचा गुरुवार

सौ. सुनीतीताई विहीणबाईंना,

अन्नपूर्णेचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तिकडचं तुम्ही कळवाल तेव्हा कळेल, कारण संक्रांतीपासून तुमचा फोन आला तो एकदाच, आणि तोही रागाचा. भाऊसाहेबांचा गुडघा कसा आहे? तुम्ही त्यांना रोज बागेत फेऱ्या घालायला लावता असं तुमची मालविका म्हणाली. गुडघ्याचं माहीत नाही, पण माणसाला शिस्त नक्की लागेल. आता म्हणाल, फोन असताना ही बाई कागद का काळा करते? तर फोनवर तुम्ही मला दुसरं वाक्य सुरूच करू देत नाही (रागावू नका, जन्मभर मुख्याध्यापकी केल्यावर माणसाचं असंच होणार). कागदाच्या मधे बोलता येत नाही. तेव्हा चष्मा लावा आणि शेवटपर्यंत वाचा.

रामनवमीनंतर तुम्ही येणार आणि आपल्या नातीला, रुचाला, नागपूरला नेऊन जूनपासून तुमच्या शाळेत घालणार, हे तुमच्या लेकीने सांगितलं तेव्हा आधी मला बरंच वाटलं होतं. खोटं कशाला बोलू? नऊ वर्षांची पोर, बोलताना अडखळते, वर्गातली मुलं तिची नक्कल करतात, म्हणून तिला शाळेतूनच काढून घरी शिकवायचं, हे माझ्याही गळी उतरलं नव्हतं. हा पळपुटेपणा आहे असं तुम्ही म्हणालात, ते मी भाकऱ्या थापताना आधीच म्हणून घेतलं होतं. त्यात मालविकेला गावात अशीच घरी शिकणाऱ्या मुलांची आणखी काही घरं सापडली. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सगळ्यांनी जमायचं आणि पुस्तकाबाहेरचं काहीतरी शिकायचं असं ठरलं. ती त्याला एनरिचमेंट क्लास म्हणते. जागा कुणाची? आमची, वरचं दालन! (अर्धवेळ शाळा म्हणजे अर्धवट शाळा, हे तुमचं वाक्य मी दोन-तीन ठिकाणी स्वतःचं म्हणून खपवलं. माफी असावी.)

पहिल्यांदा मातीकाम झालं. शिकवणारी बाई गोड, पण मुलांनी हात धुतले आमच्या मोरीत, आणि मोरी अशी तुंबली की दुपारी खालच्या पानवाल्याच्या छतातून गाळ ठिबकू लागला, तो थेट त्याच्या मगही पानांवर. वर येऊन तो जे बोलला ते बनारसी बोलीत ऐकायला गोड लागतं, मराठीत लिहवत नाही. मग पक्षीनिरीक्षण आलं. गच्चीवरून पोरांनी पक्षी सोडून शेजारणीचे पापड माकड कसं खातं याचं मन लावून निरीक्षण केलं आणि तिला हाक मारायला विसरले. शेजारीण अजून माझ्याशी धड बोलत नाही. म्हणजे तुमच्या बाजूने मी किती पुरावे गोळा करत होते बघा.

मग तबल्याचे गुरुजी तापाने आडवे झाले आणि मालविकेने आमच्या यांना (शिवरामशास्त्र्यांना, नाव घेतलं, उखाणा नंतर) एक तास सांभाळायला सांगितलं. यांना शिकवण्याची एकच रीत ठाऊक, स्वतः लहानपणी वेद शिकले ती. संथा! गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने तस्संच दोनदा. तोच सूर, तोच ठेका. मधे प्रश्न नाही, अर्थ नाही, आणि घाई तर मुळीच नाही. (मुलींना वेद? अशी भुवई चढवू नका, साधी सुभाषितं होती.) माझ्या तोंडून जे निघेल ते दोनदा म्हणायचं, असं यांनी सगळ्यांना हिंदीतून बजावलं. घोळ झाला तो इथे.

पहिलं सुभाषित सुरेख झालं. मग यांना खोकला आला. सगळा वर्ग दोनदा खोकला. यांनी मला हाक मारली, अगं पाणी आण. वर्गाने मला दोनदा हाक मारली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतक्या तोंडांनी मला 'अगं' कधी कुणी म्हटलं नव्हतं. गच्चीच्या दारात माकड डोकावलं, त्याला हे ओरडले, हट् मेल्या! मागून दोनदा असा गजर झाला की माकड पुन्हा फिरकलं नाही. शेवटी वैतागून हे म्हणाले, अरे, हे नाही म्हणायचं. तेही दोनदा आलं. तेव्हा मात्र यांना हसू फुटलं, आणि हसता हसता शेजारी बसलेल्या रुचाच्या कानाशी वाकून म्हणाले, "आजीला सांगू नकोस, पुस्तकांच्या कपाटात पेढे आहेत." कुजबुज संथेत धरत नाहीत अशी यांची समजूत! साखरेच्या आजाराचा माणूस हा. निम्म्या मुलांना मराठीचा गंध नाही, त्यामुळे अर्थाची भीड न बाळगता त्यांनी ते खणखणीत म्हटलं, खाली पानवाल्यापर्यंत.

मी तांब्या घेऊन दारातच उभी होते. मला बघून मराठी कळणारी पोरं आधी हसत सुटली, मग बाकीची. दुसऱ्यांदा म्हणायला कुणी उरलंच नाही. आणि त्या गोंधळात एकच आवाज आला, रुचाचा. मान ताठ, डोळे आजोबांच्या हातावर. सबंध वाक्य, ठेक्यात, एक अक्षर न अडकता. यांचा हात हवेत तसाच राहिला. मी तांब्या खाली ठेवला आणि जिन्यात बसून रडले, विहीणबाई. पोरीचं एवढं वाक्य मी कितीतरी महिन्यांत ऐकलं नव्हतं.

चमत्कार झाला असं म्हणत नाही मी. त्याच दुपारी जेवताना आमटी मागायला ती पुन्हा अडखळली. पण कुणी तिला पुढचं अक्षर दिलं नाही. यांनी घास हातात धरून ठेवला, आमच्या ऋतुराजने मोबाईल पालथा केला, मी डाव घेऊन नुसती उभी. शब्द आला. उशिरा आला, पण तिचा तिने आणला. तेव्हापासून संथेचा तास दर शुक्रवारी असतो आणि मोरी मी स्वतः साफ करते. म्हणून सांगते, पोरीला इथेच राहू द्या. तुमची शाळा चांगलीच आहे, त्यात शंका नाही, पण भरल्या वर्गात एका शब्दासाठी थांबायला सवड कुणाला असते?

ऋतुराज-मालविकेचा तुम्हा दोघांना नमस्कार. लोभ आहेच, तो रागातसुद्धा तेवढाच ठेवा.

तुमची विहीण,
अन्नपूर्णा

ता. क. पेढे जप्त केले. चांगले होते.

ता. क. दुसरा. मुलांना गणिताला कुणी नाही. येताना परतीच्या तिकिटाची घाई करू नका, एवढंच सुचवते.

ता. क. तिसरा. लिहून झालं आणि रुचाने विचारलं, कुणाला? सांगितलं तिला. काय लिहिलं तेही सांगितलं. तिने पाकीट हातात घेतलं. मग म्हणाली (तिला वेळ लागला, मी जोडून लिहिते आहे), "जाना है कि नहीं, नागपूरच्या आजीला मी सांगणार. फोनवर." शाळेत तिची नक्कल झाली तेव्हापासून तिने फोनला हात लावलेला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. काय सांगणार, ते मी विचारलं नाही. येते म्हणाली तर मी तिची बॅग भरून देईन, कोपऱ्यात रडेन आणि तुमच्या गाडीला हात हलवेन. तेव्हा वरची माझी सगळी वकिली खोडली असं समजा. मागणं एकच आहे. होळी झाल्यावरच्या रविवारी सकाळी आमच्या नंबरावरून फोन येईल. उचललात की पलीकडे कुणीच नाही असं वाटेल. हॅलो हॅलो करू नका, शब्द सुचवू नका, आणि ठेवू तर मुळीच नका. ती तिथे असेल.