उताऱ्यातला नावाडी

तीर्थरूप दादास, लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. वेळेवर जेवते, झोपही लागते. वहिनीची कंबर कशी आहे?

सरकारी शाळेच्या प्रवेश परीक्षेत छोटीचा नंबर लागला नाही, हे कळलं. तिला रागावू नकोस. उतारा वाचण्यातच वेळ गेला म्हणाली ना? मी क्लासमध्ये मुलांना उतारा पूर्ण वाचूच देत नाही. आधी प्रश्न बघायचा, मग तेवढीच ओळ शोधायची. त्याच परीक्षेत माझ्या सगळ्या पोरांना प्रवेश मिळाला. पालकांनी फुलं दिली, ती बादलीत ठेवलीत.

एक कर. त्या उताऱ्यातल्या म्हाताऱ्या नावाड्याचं शेवटी काय झालं, ते छोटीला विचारून कळव. इथे मी सगळ्यांना विचारलं. कुणालाच माहीत नाही.

तुझी,
क्लासवाली बहीण