निघताना समोर

वर्धा,
१८ मार्च १९७९

ती. नलूबाईस,
धाकट्या चंद्रभानचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहोत. कोकिळा बरी आहे, पोरीचा खोकला गेला. आंजीला तू आणि माय बऱ्या असाल, गहू कापून झाला असेल, असं धरून चालतो. हे पत्र आधी एकटी वाच. मायला मग तुला वाटेल तेवढंच वाचून दाखव.

जपानचं पक्कं झालं. सहा महिने, मातीपरीक्षणाचं प्रशिक्षण. पासपोर्ट हातात आला. त्यातला माझा फोटो पाहून कोकिळा म्हणाली, हा माणूस माती तपासायला नाही, चोरायला चाललेला दिसतो. ऑफिसात मात्र माझा भाव एकदम वधारला आहे. आमच्या वासुदेवरावांनी तीन वर्षं माझ्या अहवालात फक्त चुका काढल्या, काल मला स्वतःहून चहाला घेऊन गेले आणि तिकडून एक चांगली छत्री आण म्हणाले.

सामानाची गंमत तर विचारूच नको. सरकारी यादीत लोकरी कोट, हातमोजे आणि दोन स्वेटर आहेत. इथे दुपारी डोक्यावर ओला पंचा घेऊन बसायचे दिवस, आणि शिंप्यानं मला कोट चढवून अर्धा तास उभं केलं. हातमोजे मागितले तर दुकानदारानं मला आधी बसवलं आणि गार पाणी दिलं. त्याला वाटलं, ऊन लागलं.

विमानात वीस किलोच चालतं. रेशनच्या दुकानातल्या काट्यावर सूटकेस ठेवली तर सव्वीस भरली. मायनं पाठवलेले सरगुंडे, मेथीचे लाडू आणि तिखटाचा डबा आतच. मी डबा काढतो, कोकिळा परत ठेवते आणि माझी पुस्तकं काढते. शेवटी ठरलं, कोट अंगावर घालूनच निघायचं.

भीती म्हणशील तर वाटत नाही. काम मला येतं, आणि येतं हे मला माहीत आहे. पुण्याला निवडीच्या वेळी एका साहेबानं विचारलं, जवळ एकही उपकरण नसेल तर जमीन कशी ओळखाल? मी सांगितलं, मूठभर माती ओली करायची, तळहातावर दोरीसारखी वळायची. वाकवूनही तुटली नाही तर भारी, वळतानाच तुटली तर हलकी. साहेब म्हणाले, कोणत्या कॉलेजात शिकलात? म्हटलं, कॉलेजात नाही, माझ्या मोठ्या बहिणीनं शिकवलं, ती गावी शेती करते. हे तुला तेव्हाच कळवायला हवं होतं, पण लिहायला बसलो की हात थांबायचा. का थांबायचा, तेच आज लिहितो आहे.

मागच्या आठवड्यात माय येऊन गेली. माझ्या निघण्याची सगळी तयारी तिनं ठरवून टाकली आहे. हातावर दही कोकिळा ठेवणार, पाण्यानं भरला गडवा घेऊन शेजारच्या सुलोचनाबाई समोरून येणार. मी विचारलं, आणि नलूबाई?

माय म्हणाली, "नलू म्हनते, मी त्या दिवशी वावरातच राहीन. तिले समजते ना सगळं."

त्या दिवसापासून अन्न गोड लागत नाही.

बाई, तुला हे कुणी समजावलं ते मला माहीत आहे. मीच समजावलं. सहा वर्षांपूर्वी नागपूरला मुलाखतीला निघालो, तेव्हा मी जायच्या आत पोचायचं म्हणून तू चाऱ्याचा भारा घेऊन वावरातून घाईनं येत होतीस. तू समोर दिसलीस आणि मी माघारी फिरलो. घरात येऊन खाटेवर बसलो, पाणी प्यायलो, आणि तू मागच्या वाटेनं गोठ्यात गेल्यावर पुन्हा निघालो. बी.एस्सी. झालेला माणूस! तू भारा रस्त्यातच खाली ठेवून उभी राहिली होतीस. ते मी पाहिलं होतं.

मुलाखत बिघडली ती माझ्यामुळे. खतांवरचे दोन प्रश्न आले, तो भाग मी वाचलाच नव्हता. पण घरी आल्यावर माय म्हणाली, "समोर कोन आलतं, पाह्यलं ना?" आणि मी मान खाली घालून जेवत राहिलो. भाकर तू वाढत होतीस. एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं, तो माझ्या तोंडून निघाला नाही. त्यानंतर मी आंजीहून निघताना तू एकदाही दारात आली नाहीस. मीही कधी हाक मारली नाही, कारण मला ते सोयीचं होतं. मला त्याची फार लाज वाटते.

काल कोकिळाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला नका सांगू, त्यांना लिहा.

पाकिटावर तुझ्या नावाआधी मी गं. भा. घातलेलं नाही. पोस्टमन तुला ओळखतो, नुसत्या नावानंही पत्र पोचेल.

आता माझं ऐक. मी वर्ध्याहून नाही, आंजीहून निघणार आहे. एक एप्रिलला आम्ही तिघं मुक्कामाला येतो आणि दोन तारखेला सकाळच्या एसटीनं मी निघतो. दही तू माझ्या हातावर ठेवायचं आणि दारात समोर तू उभं राहायचं. मायला मी येऊन सांगेन, ते तुझ्यावर नाही. सुलोचनाबाईंना कोकिळा सांगेल.

आणि तू वावरात गेलीस, तर मी सूटकेस घेऊन वावरात येईन. एसटी गेली तर गेली. तुला पाहिल्याशिवाय मी निघणार नाही.

माफी मागायला सहा वर्षं लावणारा
तुझाच भाऊ,
चंद्रभान