आईच्या डोळ्यातली बाहुली

प्रिय शेंडेफळ,

तू पाठवलेली शाल आईला मिळाली. मिळाल्यापासून ती खांद्यावरून उतरलेली नाही. मी आणलेली शाल कपाटात घडीही न मोडता पडली आहे. असो. ‘असो’ म्हणून सोडून देणाऱ्यांतली मी नव्हे, हे तुला ठाऊक आहेच.

फोनवर मी ‘आई बरी आहे’ म्हणते ना, ते खरं नाही. ती दूध गॅसवर ठेवते आणि विसरते. दार उघडं टाकून खाली जाते. सांगितलेलं दोन खोल्या ओलांडेपर्यंतसुद्धा टिकत नाही. शेवटी आमच्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, स्वतःच म्हणाल्या की एकदा घेऊन या, डोळे तर बघू.

‘ताई लोकांच्या डोळ्यांत बघायचा पगार घेते’ म्हणून तू चारचौघांत माझी चेष्टा करतेस, म्हणून सांगते. आम्ही माणसाला आकडे ऐकवतो, ते मनात धरायला लावतो आणि तेवढा वेळ कॅमेऱ्याने त्याच्या डोळ्यातली बाहुली मोजतो. खोलीतला उजेड मुद्दाम एकसारखा ठेवलेला असतो. आकडे वाढत जातात तशी बाहुली मोठी होते, कारण ते धरून ठेवायला मनाला जोर लावावा लागतो. भार पेलवेनासा झाला की ती लहान होऊ लागते. माणूस तोंडाने ‘थांबा, आठवतंय’ म्हणत असतो, बाहुलीने तोवर हात टेकलेले असतात.

आईची हनुवटी टेकणावर ठेवली आणि म्हटलं, हलू नकोस, बाहुली मोजायची आहे. तर म्हणते कशी, ती धाकटीची आहे, तिला विचारल्याशिवाय हात लावू नकोस! बाई हसल्या. मीही हसले, पण पोटात दुखलंच. इतक्या वर्षांत त्या घरात माझी म्हणून एक बाहुली नव्हती का गं?

पहिल्या फेरीत आकडे मी वाचले. तिसऱ्या आकड्यापर्यंत पडद्यावरची बाहुलीच्या मापाची रेघ चढली, चौथ्याला खाली आली. आई छताकडे बघायला लागली. दुसरी फेरी ध्वनिमुद्रित असते. ते आकडे कोणाचे, आठवतंय? तू सुट्टीत आली होतीस तेव्हा बाईंनी तुझ्याकडूनच वाचून घेतले होते, उच्चार स्वच्छ म्हणून. मी पार विसरले होते. आईच्या कानात तुझा आवाज गेला आणि रेघ चढली ती चढतच राहिली. पाच आकडे तिने बिनचूक सांगितले. सहावा चुकला, पण बाहुली तोवरही मोठीच होती.

बाईंनी समजूत घातली. बाहुली माया मोजत नाही, म्हणाल्या, ती फक्त जोर मोजते, आणि रोज कानावर पडणाऱ्या आवाजाला कान सरावूनही जातात. अगं, पण तेच तर झोंबलं! तुझ्यासाठी ती जोर लावते. माझ्यासाठी सोडून देते. तिची औषधं, आंघोळ, नखं, सगळं मी करायचं आणि तिच्या डोक्यात जागा मात्र तुला. जळफळाट झाला माझा. दोन दिवस तुझा फोन घेतला नाही तो त्यामुळे, कामात नव्हते.

परवा तर मी कहर केला. स्वयंपाकघरात उभी राहून तुझा आवाज काढला आणि गॅस बंद करायला सांगितलं. आई वळली आणि म्हणाली, मोठे, घसा बसलाय का तुझा? गॅस चालूच राहिला.

तेव्हा हे पत्र लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. फोनवर मागितलं असतं तर माझा आवाज चढला असता आणि मी फोन निम्म्यातच ठेवून दिला असता. मला तुझा आवाज हवा आहे. रेकॉर्ड करून पाठव: गॅस बंद कर, दाराला कडी लाव, सकाळची गोळी घे. एका वेळी एकच सांग, घाई करू नकोस. मी ते घरात वेळेवर लावत जाईन. आणि शेवटी एवढं म्हण की आई, ताई इथेच आहे, काही लागलं तर तिला हाक मार. हे मी तिला रोज सांगते. तुझ्याकडून ऐकलं तर लक्षात राहील.

जळकी असले तरी तुझीच,
ताई