तिसऱ्या अंकातला बाप

२ फेब्रुवारी
आमच्या हौशी मंडळाने जुनं गाजलेलं विनोदी नाटक घेतलंय. हेकट बाप मी! तिसऱ्या अंकात तो पार बदलतो, लेकीला म्हणतो, "माझं चुकलं." दिग्दर्शक म्हणाले, तुमच्या पहिल्या दोन अंकांची मला काळजीच नाही. अनुभवाची कदर आहे तर. प्रॉम्प्टिंगला विंगेत आमची हीच बसणार.

५ फेब्रुवारी
ही म्हणते, नाटकाचं राहू द्या, तेच वाक्य आधी आपल्या लेकीला फोनवर म्हणा, उद्या घरी येईल. (लेकीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, मी गेलो नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.) सांगितलं, मी बदललोय, हल्ली ओरडत नाही. ओरडूनच सांगावं लागलं. मिक्सर चालू होता.

११ फेब्रुवारी
तालीम. सगळं तोंडपाठ, फक्त ते दोन शब्द येईनात. हिनं विंगेतून सांगितले, तेव्हा कुठे निघाले. रोज हेच. वाक्यच कच्चं आहे. लेखकाचं चुकलं.

१६ फेब्रुवारी
आरशासमोर सराव. "माझं" फार छान जमतंय.

२० फेब्रुवारी
लेक प्रयोगाला येणार, तिसरी रांग! प्लॅन पक्का: वाक्य थेट तिच्याकडे बघून टाकायचं. एका दगडात दोन पक्षी. ही म्हणाली, मग ते मी सांगणार नाही, तुमचं तुम्हीच म्हणा. म्हटलं, चालेल की.

२५ फेब्रुवारी, प्रयोगानंतर
तिसरा अंक. लेक समोर. शब्द गायब. विंगेत पाहिलं, तर हिनं संहिता मिटून मांडीवर ठेवलेली. पुढे जाता येईना, आत पळता येईना. खरंच भीती वाटली. लेक खुर्चीच्या कडेला सरकून बसली होती. शेवटी तोंडातून निघालं, "तुझंच चुकलं!"
हशा थांबेना. दिग्दर्शक खूश. म्हणाले, आता हेच ठेवायचं, दर शनिवारी.
लेकीचा मेसेज आला: बाबा, अभिनय वाटलाच नाही. नटाला याहून मोठी पावती कुठली? हिला दाखवायला विंगेत गेलो. खुर्चीवर नुसती संहिता. ही लेकीबरोबर तिच्या घरी गेली म्हणे.

२६ फेब्रुवारी
घर फार शांत आहे. करमत नाही. फोन लावला, लेकीनं उचललाही. "माझं" म्हणालो. सवयीनं बाजूला पाहिलं. मग हवापाण्याचं बोललो.
शनिवारी पुन्हा प्रयोग. प्रॉम्प्टर शोधायला हवा.