ताटावरची प्रार्थना

मोखाडा,
बुधवार, नाताळ तीन आठवड्यांवर

प्रिय नेत्रा,

सलाम आणि पोटभर आशीर्वाद. पत्र गोरखच्या हातून येतंय, सोबत खुरासणीच्या चटणीची बरणी आहे. आधी बरणी बघ, मग पत्र वाच, कारण गोरखची जीप कशी चालते ते तुला ठाऊक आहे, झाकण सैल झालं असेल तर चटणी पिशवीभर झाली असेल. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर मी एक वाक्य बोलले की तू 'असू दे हो आई' म्हणतेस आणि विषय मिटवून टाकतेस, आणि हा विषय मला इतक्यात मिटवायचा नाही. शिवाय फोनवर माझा आवाज चढतो. कागदावर मी त्यातल्या त्यात शहाण्यासारखी बोलते, असं तुझे सासरे म्हणायचे.

रविवारी तू माझ्या लेकाला, सुशीलला, घरी ठेवून एकटीच आलीस. जव्हारहून इथवरची ती सगळी वळणं पोटात घेऊन आलीस, तेही सुट्टीच्या दिवशी, फक्त तुमच्याकडे माझ्यासाठी खोली तयार झाल्याचं सांगायला. सांगताना किती हरखली होतीस. जिना चढायला नको, खिडकी शिरपामाळाच्या बाजूला, न्हाणीघरात माझ्या गुडघ्यांसाठी धरायला दांडी. मी नुसतं हं हं करत भाकऱ्या थापत राहिले. मग ताटं वाढली. गोरखही पाण्याचा कॅन उतरवून जेवायला बसला होता. मी नेहमीसारखं म्हटलं, नेत्रा, कर गं प्रार्थना. तू हात जोडलेस आणि परत खाली घेतलेस. म्हणालीस, 'आई, लग्नाला इतकी वर्षं झाली, या घरात मी अजून पाहुणीच का हो?' चिडून नाही, अगदी हळू म्हणालीस. त्यानंतर प्रार्थनाही केलीस, जेवलीस, मी नको नको म्हणताना भांडी घासलीस आणि उन्हं उतरायच्या आत निघालीस. एवढी मी बोलघेवडी, आणि जीप वळून दिसेनाशी झाली तरी मी दारात ओला हात घेऊन उभी.

तुझं म्हणणं चूक नाही. आपल्या घरची रीत सगळ्या मोखाड्याला माहीत आहे. ताटावर पाहुणा असेल तर प्रार्थना पाहुण्यानं करायची, ज्याला जी येते ती, ज्याच्या त्याच्या देवाची. पाहुणा नसेल तर घरातल्या कर्त्या माणसानं. मग जिला दर वेळी प्रार्थना करायला सांगतात ती पाहुणीच झाली की नाही? तू हिशोब बरोबर केलास. फक्त त्यातला एक आकडा तुला कुणी सांगितलेला नाही, तो सांगायला बसलेय.

आधी ही रीत कशी पडली ते ऐक. लोक म्हणतात डॉक्टरांचं मन मोठं, सगळ्या देवांना घरात जागा दिली त्यांनी. (हे कंपाउंडर होते, जन्मभर सांगत राहिले की मी डॉक्टर नाही, पण कोण ऐकतंय.) मन मोठं होतं, नाही म्हणत नाही मी. पण रीत त्यांनी पाडली नाही, मी पाडली, आणि ती भुकेपोटी पाडली. आमचं नवीन लग्न झालेलं. नगरच्या मिशनच्या वाड्यात वाढलेली मी, इकडचा डोंगर पाहिलाही नव्हता. यांची जेवणाआधीची प्रार्थना म्हणजे काय सांगू तुला. दवाखान्यातला एकेक पेशंट, त्याचं गाव, त्याची गुरं, मग खोडाळ्यापर्यंतचे सगळे पाडे, मग सरकार, मग माझं माहेर. आमटीवर साय धरायची. मी एक डोळा उघडून बघायचे तर यांचे दोन्ही घट्ट मिटलेले.

एका संध्याकाळी खोडाळ्याच्या पलीकडच्या पाड्यावरून तुका आला. बायकोला, राहीला, झोळीत घालून चौघांनी आणलं होतं, बाळ अडलं होतं. बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली, पण परतीची गाडी निघून गेलेली. हे तुकाला घरी घेऊन आले. तो सकाळपासून उपाशी होता, मीही त्या धावपळीत उपाशी. ताटं वाढली, यांनी डोळे मिटले, आणि मला कळलं, आता आज तर राहीपासून सुरुवात होणार. मी पटकन बोलून गेले, अहो, आज यांनाच करू द्या, आज देवाशी बोलण्यासारखं यांच्याकडेच जास्त आहे. हे चमकून माझ्याकडे बघत राहिले. तुका लाजला, मग त्यानं भाकरीचा तुकडा मोडून बाजूला ठेवला आणि त्यांच्या कणसरीला, धान्याच्या देवीला, सांगितलं की घरात पोर आलंय, आता तू पण दर वर्षी येत जा. बस, एवढंच. आमटी गरम होती. मी मनापासून आमेन म्हटलं, आणि यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी यांनी जाहीर केलं की आजपासून आपल्या घरी पाहुणा प्रार्थना करील. त्यात त्यांना देवाची वाणी ऐकू आली होती, मला गरम आमटी. पुढे रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी या रीतीवर दोनदा उपदेश केला आणि मी दोन्ही वेळा मान खाली घालून बसले.

मग काय, पाहुण्यांना तोटा नव्हताच. गाडी चुकलेला, दाखला मिळायला उशीर झालेला, पेशंटबरोबर आलेला, सगळे आपल्या ओसरीवर. मी म्हणजे तरी कुठली संत? कधी कधी अंगाचा तिळपापड व्हायचा. नागली दळून आणावी आणि आठवड्यात डबा खडखडीत. पण ताटावर लोक जे बोलायचे ना नेत्रा, ते ऐकायला मी चूल पेटवत राहिले असं वाटतं आता. गोजाबाई भाजीवाली देवाला सुनेच्या तक्रारी सांगायची, नावानिशी. गोरख अजूनही एकच सांगतो, 'सगळ्यांना मिळो', आणि लगेच घास मोडतो. तुझे वडील पहिल्यांदा आले तो दिवस तुला आठवत असेल. तुमचं रजिस्टर लग्न होऊन वर्ष उलटलं होतं आणि श्रीकृष्णशेठ जव्हारच्या दुकानातून उठून कधी इकडे फिरकले नव्हते. आले तर बाकड्याच्या टोकावर बसले. जेवणार नाही म्हणाले, फक्त पाणी. हे म्हणाले, प्रार्थना पाण्यावरसुद्धा चालते. तेव्हा तुझ्या वडिलांनी हातात तांब्या धरून डोळे मिटले आणि म्हणाले, माझ्या लेकीला या घरात काही कमी पडू देऊ नका. ते देवाला सांगत होते की आम्हाला, कुणालाच कळलं नाही. हे म्हणाले, आमेन, पोचलं. पुढच्या खेपेला शेठ जेवूनच गेले.

आता तुझी गोष्ट. पहिल्या दिवशी तू खरंच पाहुणी होतीस, रीतीप्रमाणे यांनी तुला सांगितलं. तू एवढीशी झालीस. मग म्हणालीस, देवा, मला इथलं काहीच माहीत नाही, सांभाळून घे, आणि आईंनी आमटीत मीठ घातलेलं नाही, मी बघितलंय, पण मला त्यांना सांगता आलं नाही. अगं, हे हसता हसता खोकायला लागले, सुशीलनं पाठ चोळली. मी घास घेऊन बघितला, खरंच नव्हतं मीठ. भलताच राग आला होता मला, आज सांगायला हरकत नाही. पण हे झोपताना म्हणाले, ही पोरगी देवाशी खोटं बोलत नाही, आपल्या घरात हेच कमी होतं.

आणि तेव्हापासून यांनी स्वतःचीच रीत मोडली. हा तो राहिलेला आकडा. पाहुणे असले तरी तू आलीस की यांनी तुलाच सांगितलं. नाताळात ओसरी भरलेली असायची, गावोगावची माणसं करंज्या घेऊन बसलेली, आणि हे त्या सगळ्यांना ओलांडून म्हणायचे, नेत्रा करील. तुला वाटत राहिलं हे मला पाहुण्यांत धरतात. यांनी तुला पाहुण्यांच्या वर धरलं होतं. या रविवारचंच बघ. पाटावर गोरख बसलेला, रीतीनं पाळी त्याची, बिचारा हात जोडून तयार होता. मी कुणाला सांगितलं? त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण तुझं लक्ष ताटाकडे होतं.

यांना जाऊन तीन वर्षं होतील. त्या दिवशी ओसरीवर उभं राहायला जागा नव्हती. तुका काठी टेकत आला होता, त्यानं मूठभर नागली यांच्या पायाशी ठेवली. त्यानंतर पाहुणे येतच राहिले आणि माझं निभत राहिलं. पण ज्या दिवशी कुणीच नसतं त्या दिवशी रीतीनं पाळी माझी असते, आणि माझ्याच्यानं होत नाही. अंथरुणावर पडल्यावर मी तासभर बोलते देवाशी, भांडतेसुद्धा. पण ताट पुढे आलं की समोरचा रिकामा पाट दिसतो. मी हात न जोडताच भाकरी मोडते. जी प्रार्थना लवकर संपावी म्हणून मी एवढी खटपट केली, ती आता कुणी करायला लागलं ना, तर आमटीचा बर्फ झाला तरी मी हलणार नाही. म्हणून तू आलीस की मी घाईघाईनं तुला सांगते. तुझं बोलणं ऐकलं की हे तिथं बसून हसतायत असं वाटतं मला. पाहुणी म्हणून नाही गं सांगत. मला ते जमत नाही आणि ते काम घरच्याच माणसाला सांगता येतं.

खोलीचं मी तीनदा टाळलं. कधी म्हटलं कोंबड्या कोण बघेल, कधी म्हटलं दार कोण उघडेल. दोन्ही खरं, पण पूर्ण नाही. मला भीती वाटते, नेत्रा. जन्मभर पाहुणचार केला, करून घ्यायला शिकले नाही. तुमच्या घरी मला चांगला कप देतील, बसा बसा म्हणतील, कपाटातली नवी चादर काढतील, आणि मी सुनेच्या घरी पाहुणी होऊन दिवस काढीन, या विचारानं मी दर वेळी विषय बदलायचे. तू रविवारी जे विचारलंस ते ऐकून मला दोन रात्री झोप नाही, आणि तिसऱ्या दिवशी चूल फुंकताना एकदम हसू आलं. तुला माझ्या घरात ज्याची भीती, मला तुझ्या घरात त्याचीच. आपण दोघी एकाच गोष्टीला घाबरून एकमेकींना बसा बसा म्हणतोय.

तर मी येतेय. शनिवारी, गोरखच्या जीपनं, पुढच्या सीटवर. कोंबड्या आणि हे घर रविना बघणार आहे, तुका-राहीची नात. तिला इथं नर्सची नोकरी लागलीय आणि खोली हवीच होती. तिला सांगून ठेवलंय की गाडी चुकलेलं माणूस आलं तर दार उघडायचं आणि ताटावर बोलायची पाळी त्याची. ती म्हणाली, आजी, हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. करंज्यांचं सारण मी घेऊन येते, यंदा जव्हारलाच करू, नाताळची चांदणी तुझ्या खिडकीत लावू. आणि आता ज्यासाठी एवढा कागद भरला ते. शनिवारी रात्री ताटं वाढशील तेव्हा सुशील भोळेपणानं म्हणेल, आई, तू आज पहिल्यांदा आलीस, तू कर प्रार्थना. त्याला गप्प कर. मला सांगायचं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. मी पाहुणी नाही. घर तुझं आहे, कर्ती तू आहेस, प्रार्थना तू करायचीस. आमटी मी करीन. मीठ कमी असलं तर देवाला खुशाल सांग, मी आमेन म्हणेन.

तुझीच,
घरची,
आई