नव्या कवळीतली पोकळी

प्रिय ढब्बू,

तू तिशी ओलांडलीस, एका पोरीचा बाप झालास, तरी पेन दुसरं नाव लिहायला तयार नाही. रागावू नकोस. तू पाठवलेला पोरीचा फोटो पाहिला. पुढचे दोन दात आलेत, मधे तुझ्यासारखीच फट. तो वहिनीला दाखवला. तिने चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाली, "भावोजी, माझ्या फोनवर पाठवता का?" तुझ्याकडून तिला तो आला नव्हता. अकरा महिने झाले रे, तू आईशी बोललेला नाहीस.

मी बरा आहे. दुकान चालू आहे. लोक म्हातारे व्हायचे काही थांबत नाहीत, त्यामुळे कवळ्या करणाऱ्याला सुट्टी नाही. तंबाखू सोडून दहा महिने झाले. पहिले पंधरा दिवस भिंतीशीसुद्धा भांडत होतो. आता खिशात डबीऐवजी गाजराचे तुकडे असतात, गिऱ्हाईकं म्हणतात, काका, तुमचा ससा झाला. सकाळी तासभर चालतो. दुकानात एक नियमही केलाय: तोंडातली जखम पंधरा दिवसांत भरली नसेल, तर मी कवळीला कानस लावत नाही. आधी डॉक्टरला दाखवून या म्हणतो. एक मास्तर तरातरा निघून गेले होते. महिन्याने आले आणि माझा हात धरून बसले. त्यांचं दुखणं वेळेत सापडलं होतं.

हे शहाणपण मला उशिरा आलं. तुझे बाबा, माझा दादा, पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा म्हणाला, खालची कवळी डाव्या बाजूला टोचतेय. मी त्याला दिव्याखाली बसवलं, गाल बोटाने ओढून पाहिला. आत दुधावरच्या सायीसारखा पांढरा डाग होता, मधे लालसर चीर. तंबाखूची गोळी तो बरोबर तिथेच धरायचा, आणि मीही तशीच धरायचो. मला वाटलं, कवळीची कड लागतेय. कड घासली, गुळगुळीत केली, त्याला दिली. "तुझ्या हाताला तोड नाही," म्हणाला. मी शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस, एका दातांच्या डॉक्टरकडे साचे धुता धुता काम शिकलेला. दादाने असं म्हटलं की माझी छाती फुगायची. पंधरा दिवसांनी तो परत आला. पुन्हा घासली. मग पुन्हा. टोचतं म्हणजे कवळीच चुकली असणार, यापलीकडे माझं डोकं चाललंच नाही. आमच्या धंद्यात दुखणारं तोंड बरोबर आणि कवळी चूक, हेच धरून चालतात.

शेवटी मी त्याला नवी कवळी करून दिली. मेणाचा साचा करताना त्या डागाच्या जागी मुद्दाम पोकळी ठेवली, म्हणजे काही लागायलाच नको. आयुष्यात इतकं नाजूक काम मी केलं नव्हतं. दादाला खरंच आराम पडला. दोन महिने तो आनंदात जेवला आणि त्या पोकळीत आजार निवांत वाढत राहिला. तोंड दोन बोटंही उघडेना, मानेला गाठ आली, तेव्हा आम्ही मोठ्या इस्पितळात गेलो. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, डाग होता तेव्हा यायला हवं होतं.

पुढचं तुला माहीत आहे. बाबा गेल्यावर तू भरल्या घरात आईला विचारलंस, "रोज समोर बसून जेवायला वाढत होतीस ना? मग तुला दिसलं कसं नाही?" ती खाली बघत राहिली. मी दाराशी उभा होतो. मीही खाली बघत राहिलो.

ढब्बू, तिला दिसलं होतं. डाग मीही पाहिला होता, पण त्यातला धोका सगळ्यांच्या आधी तिलाच दिसला. तिने इस्पितळात दादाचं नाव नोंदवलं होतं, गुरुवारची वेळही मिळाली होती. बुधवारी ती दुकानात येऊन म्हणाली, "भावोजी, माझं ऐकत नाहीत, तुम्ही तरी सांगा." मी हसलो. म्हणालो, वहिनी, तुम्ही म्हणजे अगदीच घाबरट, ते लोक कापायलाच टपलेले असतात, मी नवी कवळी करतो. दादा आधीच घाबरलेला होता, त्याला माझा शब्द आयताच मिळाला. गुरुवारी तो गेला नाही. हे मी तुला तेव्हाच सांगणार होतो, पण तिने मला शपथ घातली. म्हणाली, त्याचा बाप गेलाय, आता काकाही नको जायला. तुला मी उरावा म्हणून ती तुझा राग अंगावर घेऊन बसली आहे. आज मी ती शपथ मोडली. मला वाट्टेल ते बोल, नाहीतर माझ्याशी बोलणं टाक, मी सोसेन. तुझ्या गालातही गोळी असते हे मी गेल्या खेपेला पाहिलंय, ती थुंकून टाक आणि तोंड एखाद्या डॉक्टरला दाखव, माझ्यासारख्याला नको. पण त्याआधी आईला फोन कर. ती लगेच उचलेल आणि काही बोलणार नाही. सुरुवात तुलाच करावी लागेल.

तुझाच,
काका