आचलचा समुद्र

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पोट्टी जागीच होती! उठवायला गेलो, तर पाठीवर बॅग अडकवून दारात उभी. दर्यापूरहून सकाळची पहिली जीप माझीच, हे बरं आहे — आचल माझ्या बाजूच्या सीटवर वलगावपर्यंत झोपते. मग अमरावतीत तिला पोहण्याच्या तलावावर सोडतो अन् परतीच्या सवाऱ्या शोधतो.

आज मागच्या सीटवरून गोदाबाईंनी विचारलं, "पियुष, तुही बहीण रोज कुठं जाते बाप्पा?"

पोहायला, म्हणालो. पुढं इंग्लंडहून फ्रान्सला पोहत जाणार आहे.

"काहून? बोट नाही भेटत?"

अख्खी जीप हसली. आचलही. सतरा वर्षांची तर आहे. पण हसून झाल्यावर मागं वळून म्हणाली, "भेटते ना मावशी. पण मले पोहूनच जायचं हाय."

१९ नोव्हेंबर

मोईज सर, तिचे कोच, म्हणाले — अजून सहा-सात वर्षं मेहनत. आधी समुद्र तर पाहू दे तिला! डिसेंबरात मालवणकडं स्पर्धा आहे.

आमच्या घरात समुद्र कुणीच पाहिलेला नाही. आई म्हणते, "पाह्याचं काय त्यात? आपल्या विहिरीचं पाणीबी खारटच हाय."

पोहणाऱ्याच्या बाजूनं होडी चालते, तिच्यात घरचं एक माणूस लागतं. मी येतो म्हणालो. मला पोहता येत नाही, हे बोललो नाही.

२ डिसेंबर

थंडी! पाण्यातून निघाली तेव्हा ओठ निळे. माझं स्वेटर चढवलं, बाह्या लोंबत होत्या. अन् विचारते काय — "भाऊ, तिकडं इंग्लंडचं पाणी याच्याहून थंड राहते ना?" खुशीत!

१५ डिसेंबर, मालवण

बाद झाली.

काय सुंदर निघाली होती! लाटेवर लाल टोपी वर-खाली. मी होडीचा काठ आवळून बसलेलो. अर्ध्यावर मला ओकाऱ्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढं अंधारी. तेवढ्यात तिनं होडीला हात लावला. हात लावला की बाद. दमली असेल.

१६ डिसेंबर, परतीच्या गाडीत

दमली नव्हती.

खूप खोदून विचारलं तेव्हा बोलली. "तू पांढराफटक पडला होता. पाण्यात गेला असता तर? तुले पोहता येते का?"

पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला होडीत बसव, म्हणालो.

"नाही. मले तूच पायजे. पण मंग मायं ध्यान तुह्याकडंच राहते ना रे."

खिडकीकडं तोंड करून बसलो. मोठा भाऊ म्हणे!

१८ डिसेंबर

मला पोहता येत नाही, हे मोईज सरांना खरंखरं सांगितलं. रागावतील वाटलं होतं. "उद्या येताना पोहायची चड्डी आणा," एवढंच म्हणाले.

१९ डिसेंबर

पाण्यात उतरलो. आचलचा हात पोटाखाली.

"सोडू?"

सोड, म्हणालो.